उडते विद्यापीठ आणि कामगारांची तिसरी मागणी

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



आधी भाकरी की आधी स्वातंत्र्य, हा प्रश्न समाजवादी चळवळीत पुन्हा पुन्हा विचारला जातो. तो विचारणारे सगळेच हुकूमशाहीचे हस्तक नसतात. ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला मुद्रणस्वातंत्र्याचे काय कौतुक, ती सुखवस्तू मध्यमवर्गाची चैन आहे, अशी अनेक कार्यकर्त्यांची प्रामाणिक समजूत असते. प्रत्येक दडपशाही राजवट नेमकी हीच समजूत आपल्या सोयीसाठी वापरते. शाळा काढल्या, कारखाने उभारले, धान्य स्वस्त केले. मग चार लेखकांच्या आणि दोन प्राध्यापकांच्या तक्रारीचा एवढा बाऊ कशासाठी, असा तिचा सवाल असतो. या सवालाला तत्त्वचर्चेने उत्तर देता येईल. परंतु पोलंडमधील कामगारांनी ते स्वतःच्या अनुभवातून दिलेले आहे, आणि ते कोणत्याही ग्रंथातील उत्तरापेक्षा अधिक ठाम आहे. त्या देशात शिक्षणाची आणि विचारप्रकटनाची लढाई शंभर वर्षे चालली. ती झारशाहीविरुद्ध झाली, नाझींविरुद्ध झाली आणि अखेरीस समाजवादाचे नाव लावणाऱ्या एका राजवटीविरुद्धही झाली. समाजवाद्यांनी तिचा अभ्यास करण्याचे हे शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे.

परवानगीवाचून शिक्षण

१७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचे राज्य आपसांत वाटून संपवले. रशियाच्या ताब्यातील भागात १८६३ चा उठाव चिरडला गेल्यानंतर झारशाहीची नजर शाळांकडे वळली. वॉर्सामधील पोलिश उच्च शिक्षणसंस्था १८६९ मध्ये बंद झाली व तिच्या जागी रशियन विद्यापीठ आले. १८८५ पासून प्राथमिक शाळांतही रशियन माध्यमाची सक्ती झाली. मुलींना तर विद्यापीठाचे दार मुळातच बंद होते.

मार्ग काढला तो याच मुलींनी. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वॉर्सातील खासगी घरांमध्ये स्त्रियांसाठी गुप्त वर्ग सुरू झाले. याद्विगा श्चाविन्स्का नावाच्या तरुण शिक्षिकेने हे विखुरलेले वर्ग एका व्यवस्थेखाली आणले. अभ्यासक्रम आखले गेले, शुल्क ठरले, ग्रंथालय उभे राहिले. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून वर्गाची जागा सतत बदलत असे. त्यावरून या संस्थेला ‘उडते विद्यापीठ’ हे नाव पडले. ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पोलिश भाषांतराच्या कामात सहभागी झालेले समाजशास्त्रज्ञ ल्युडविक क्शिविट्स्की तेथे शिकवीत. तेथे शिकलेल्या विद्यार्थिनींपैकी मारिया स्क्लोडोव्स्का हिला पुढे जगाने मारी क्यूरी या नावाने ओळखले. १९०५ च्या क्रांतीने झारशाहीला काही सवलती देणे भाग पाडले, तेव्हा या गुप्त विद्यापीठाला ‘शास्त्रीय अभ्यासक्रम मंडळ’ या नावाने उघड कार्य करता आले. हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण सत्तर वर्षांनी ते पुन्हा ऐकू येणार होते.

प्रशियाच्या ताब्यातील भागात याहून वेगळी स्थिती नव्हती. १९०१ साली व्झेश्निया या गावातील शाळकरी मुलांनी धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मन भाषेत उत्तरे देण्याचे नाकारले. त्यांना छड्या मारण्यात आल्या आणि जाब विचारायला आलेल्या पालकांना न्यायालयाने तुरुंगात धाडले. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या मौनाचीही साम्राज्याला भीती वाटावी, यातच त्या साम्राज्याच्या सामर्थ्याची मर्यादा दिसून येते.

याच काळात पोलिश समाजवादी पक्षाने १८९४ मध्ये ‘रोबोत्निक’ म्हणजे ‘कामगार’ या नावाचे गुप्त पत्र सुरू केले. शिक्षणाची चळवळ आणि कामगारांची चळवळ या दोन धारा अशा प्रकारे एकाच दशकाच्या अंतराने भूमिगत झाल्या. त्या एकमेकींना मिळण्यास मात्र फार काळ जावा लागला.

१९३९ मध्ये नाझी फौजा आल्या. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी क्राकोव्ह येथील यागिएलोनियन विद्यापीठातील अध्यापकांना एका जर्मन अधिकाऱ्याच्या व्याख्यानासाठी बोलावण्यात आले आणि सभागृहातूनच १८३ जणांना पकडून नेण्यात आले. त्यांतील बहुतेकांची रवानगी झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत झाली. विद्यापीठे बंद झाली, माध्यमिक शाळा बंद झाल्या. पोलिश मुलाला पाचशेपर्यंत मोजता यावे, स्वतःचे नाव लिहिता यावे आणि जर्मनांची आज्ञा पाळणे हा ईश्वरी नियम आहे एवढे कळावे. याहून अधिक शिक्षणाची त्याला गरज नाही, असे हिमलरने मे १९४० च्या टिपणात लिहून ठेवले होते. गुलामाला किती शिकवायचे याचे इतके उघड मोजमाप इतिहासात क्वचितच सापडेल.

त्याला उत्तर म्हणून शिक्षकांनी १९३९ च्या शरद ऋतूतच गुप्त संघटना उभारली. पाच-सहा मुलांचे गट निरनिराळ्या घरांत जमत. शिक्षक एका घरातून दुसऱ्या घरी जात. परवानगी असलेल्या धंदेशिक्षणाच्या शाळांत वरवर शिवणकाम किंवा यंत्रकाम चाले आणि प्रत्यक्षात इतिहास व वाङ्मय शिकवले जाई. पकडले गेल्यास छळछावणी वा मृत्यू हे ठरलेले होते. तरीही हे वर्ग चालू राहिले, परीक्षा झाल्या आणि युद्धानंतर त्या ग्राह्यही धरल्या गेल्या.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत आलेला आहे. सोव्हिएत सत्तेने १९४० व १९४१ मध्ये हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी काही जण इराणमार्गे भारतात पोचले आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. छावणीत त्यांनी पोलिश शाळा चालवल्या. मायदेशी जे शिकवणे हा देहान्ताचा गुन्हा होता, ते पंचगंगेच्या खोऱ्यात उघड्या दाराने शिकवले जात होते.

कामगारांच्या नावाने

युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट पक्षाची एकछत्री सत्ता आली. तिच्या पदरात जे श्रेय आहे ते दिलेच पाहिजे. १९४९ ते १९५१ या काळात निरक्षरतेविरुद्ध देशव्यापी मोहीम झाली. शेतकरी-कामगारांच्या मुलांना शाळा-महाविद्यालयांची दारे उघडली. परंतु ज्या राज्याने लाखोंना वाचायला शिकवले, त्याच राज्याने त्यांनी काय वाचावे हेही ठरवून टाकले. १९४६ मध्येच मुद्रण, प्रकाशने आणि सार्वजनिक प्रयोग यांवर नियंत्रण ठेवणारे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. वॉर्सातील ‘मिसिया’ म्हणजे उंदीर गल्ली हा त्याचा पत्ता होता. पुस्तक, वृत्तपत्र, नाटक, चित्रपट, सारे काही या गल्लीतून तपासून पुढे जाई. १९६४ साली चौतीस लेखक-विचारवंतांनी सरकारला पत्र लिहिले. त्यातील तक्रारींत सेन्सॉरच्या जाचाबरोबर पुस्तकांच्या कागदाचा कोटा कमी केल्याची तक्रार होती. विचार दडपण्यासाठी नेहमी बंदीहुकूमच लागतो असे नाही. कागद न देऊनही तेच साधते.

१९६५ मध्ये यात्सेक कुरोन आणि कारोल मोजेलेव्स्की या दोन तरुणांनी पक्षाला खुले पत्र लिहिले. कामगारांच्या नावाने एक नोकरशाही वर्ग राज्य करीत आहे आणि उत्पादनसाधनांवर कामगारांचा ताबा नाही, असे डाव्या विचाराच्याच आधारे त्यांनी मांडले. कुरोन यांना तीन वर्षांची व मोजेलेव्स्की यांना साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

त्यानंतरच्या दोन घटना या कथेचा गाभा आहेत. जानेवारी १९६८ मध्ये वॉर्साच्या राष्ट्रीय रंगमंदिरातील मित्सकिएविच या राष्ट्रकवीच्या नाटकाचे प्रयोग बंद करण्यात आले. विद्यार्थ्यांनी निषेध केला. दोन विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढून टाकले गेले आणि ८ मार्च रोजी त्यासाठी भरलेल्या सभेवर हल्ला झाला. हा हल्ला करणाऱ्यांत ‘संतप्त कामगार’ म्हणून बसगाड्यांतून आणलेले लोक होते. पाठोपाठ ज्यूविरोधी प्रचाराची लाट उसळवण्यात आली, नामवंत प्राध्यापक बडतर्फ झाले, हजारो ज्यू नागरिकांना देश सोडावा लागला. या काळात कारखाने शांत होते. विद्यार्थी एकटे पडले आणि हरले.

डिसेंबर १९७० मध्ये नाताळच्या तोंडावर सरकारने खाद्यपदार्थांच्या किमती वाढवल्या. ग्दान्स्क, ग्दिनिया, श्चेचिन येथील गोदी कामगार रस्त्यावर आले, ग्दान्स्कमध्ये पक्षकार्यालयाला आग लावली गेली. लष्कराने गोळ्या झाडल्या आणि चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. या वेळी विद्यापीठे शांत होती. कामगार एकटे पडले. सत्तेवरचा नेता बदलला, परंतु सत्ता बदलली नाही.

दोन वर्षांच्या अंतराने घडलेल्या या घटना एकत्र वाचल्या म्हणजे दडपशाहीचे खरे रहस्य उलगडते. लेखणी आणि हातोडा यांच्यातील परस्पर अविश्वासावर अशी राजवट बंदुकीपेक्षाही अधिक विसंबून असते. विद्यार्थी हे लाडावलेले, परकीयांच्या नादी लागलेले, असे ती कामगाराला सांगते. कामगार हा अडाणी जमाव आहे, असे विद्यार्थ्याला भासवते. हा अविश्वास टिकून आहे तोवर तिला चिंता नसते.

रादोमच्या वाटेवर

२४ जून १९७६ रोजी पंतप्रधान यारोशेविच यांनी पुन्हा दरवाढ जाहीर केली. मांसाचे दर सरासरी दोन-तृतीयांशांहून अधिक वाढणार होते. दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, रादोम येथील आणि वॉर्साजवळच्या उर्सुस ट्रॅक्टर कारखान्यातील कामगारांनी काम थांबवले. उर्सुसच्या कामगारांनी रेल्वेचे रूळ उखडले. रादोममध्ये पक्षकार्यालय जळाले. भारतात आणीबाणी पुकारली गेल्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होते आणि येथील वृत्तपत्रेही त्या वेळी प्रसिद्धिपूर्व तपासणीखाली होती. पोलंडच्या सरकारने दरवाढ एका दिवसात मागे घेतली, पण सूड सोडला नाही. पकडलेल्या कामगारांना लाठ्या घेतलेल्या शिपायांच्या दोन रांगांमधून पळवत मारण्यात आले. पोलिसांनी या छळाला ‘आरोग्याची पायवाट’ असे विनोदी नाव ठेवले होते. हजारो लोक कामावरून कमी झाले, अनेकांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या.

मात्र या वेळी १९७० ची पुनरावृत्ती झाली नाही. वॉर्सातील तरुण-तरुणी रेल्वेने रादोमला जाऊ लागले. न्यायालयाच्या आवारात कैद्यांच्या बायका-आया उभ्या असत. त्यांची विचारपूस करणे, वकील मिळवून देणे, मार बसलेल्यांसाठी डॉक्टर शोधणे, घरभाड्यासाठी पैसे देणे ही कामे त्यांनी हाती घेतली. सुरुवातीला दारे उघडली जात नसत. शहरातून आलेल्या शिकलेल्या माणसावर विश्वास ठेवावा असे काही त्या घरांनी आयुष्यात पाहिलेले नव्हते. विश्वास जिंकला गेला तो नियमितपणाने. आठवड्यामागून आठवडे तीच माणसे तीच वाट चालून येत राहिली.

या कामातून २३ सप्टेंबर १९७६ रोजी ‘कामगार संरक्षण समिती’ जाहीर झाली. तिच्या निवेदनावर सह्या करणाऱ्यांनी आपली नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक छापले. हा एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. गुप्ततेमुळे माणूस सुरक्षित राहतो खरा, पण ज्याला मदत हवी आहे त्याला तो सापडत नाही. या समितीत कुरोन यांच्या पिढीबरोबर जुने समाजवादीही होते. नव्वदीकडे झुकलेले अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लिपिन्स्की, सोव्हिएत तुरुंगवास भोगून आलेले आंतोनी पाइदाक, वकील आनिएला श्टाइन्सबेर्गोव्हा ही पोलिश समाजवादी पक्षाच्या परंपरेतील माणसे होत. समाजवादाच्या नावाने चाललेल्या अन्यायाला समाजवाद्यांनीच आव्हान दिले, याचे महत्त्व कमी लेखून चालणार नाही.

जुलै १९७७ मध्ये सरकारने तुरुंगात उरलेल्या सर्व कामगारांना सोडून दिले. त्यानंतर समितीपुढे प्रश्न उभा राहिला की आता थांबायचे की पुढे जायचे. ती पुढे गेली, आणि येथून शिक्षण व मुद्रण या दोन कामांना खरा वेग आला.

खोलीतील वर्ग, तळघरातील छापखाना

नोव्हेंबर १९७७ मध्ये वॉर्सातील घरांमध्ये व्याख्यानमाला सुरू झाल्या. २२ जानेवारी १९७८ रोजी ५८ विद्वान व लेखकांच्या सहीने त्यांची रीतसर संस्था जाहीर झाली. तिने ‘शास्त्रीय अभ्यासक्रम मंडळ’ हे १९०६ चे जुने नाव घेतले, आणि लोकांच्या तोंडी मात्र ‘उडते विद्यापीठ’ हेच राहिले. आडाम मिख्निक यांनी लोकशाही पोलंड म्हणवणाऱ्या राज्याचा इतिहास शिकवला. तादेउश कोवालिक यांनी अर्थव्यवस्था शिकवली. अधिकृत पाठ्यपुस्तकांत ज्या जागा कोऱ्या होत्या त्या भरून काढणे हे या वर्गांचे काम होते. बसायला खुर्च्या अपुऱ्या, म्हणून श्रोते जमिनीवर आणि खिडक्यांच्या कठड्यांवर बसत. पोलीस घरमालकांना दंड करीत, व्याख्यात्यांना अठ्ठेचाळीस तास अडकवून ठेवीत, सरकारधार्जिण्या विद्यार्थी संघटनेच्या टोळ्या पाठवीत. २१ मार्च १९७९ रोजी अशा एका टोळीने कुरोन यांच्या घरात शिरून त्यांच्या पत्नीला, मुलाला व सहकाऱ्यांना मारहाण केली.

व्याख्यानांच्या जोडीला छपाई होती. अणुसंशोधन संस्थेतून काढून टाकलेले रसायनशास्त्रज्ञ मिरोस्लाव खोयेत्स्की यांनी १९७७ मध्ये ‘नोव्हा’ या स्वतंत्र प्रकाशनगृहाच्या उभारणीत पुढाकार घेतला. छपाईयंत्रावर सरकारचा ताबा, शाईवर सरकारचा ताबा. मग लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचा आणि रबरी रूळाचा उपयोग झाला. धुण्याच्या साबणलगद्यात रंग मिसळून शाई तयार झाली. कागद एकेका दुकानातून थोडाथोडा घेतला जाई. अशा साधनांनी बंदी असलेल्या लेखकांची पुस्तके निघाली आणि हातोहात फिरली.

परंतु पुस्तकांपेक्षाही दूरगामी परिणाम झाला तो सप्टेंबर १९७७ मध्ये निघालेल्या चार पानी पत्राचा. त्याचे नाव ‘रोबोत्निक’. समाजवाद्यांच्या १८९४ च्या पत्राचे हे नाव मुद्दाम घेतलेले होते. आरंभी काही शे प्रती निघत. पुढे त्या हजारांवर गेल्या. त्यात पांडित्य नव्हते. अमुक कारखान्यात वेतन कसे कापले, तमुक गोदीत अपघात कसा झाला, संप कसा करावा, अटक झाल्यास काय बोलू नये, असा मजकूर असे. बातम्या कामगारच पाठवत. कार्यकर्ते फाटकाबाहेर उभे राहून अंक वाटत. या पत्राच्या वाचकांतून १९७८ मध्ये ग्दान्स्क येथे स्वतंत्र कामगार संघटनेचा एक लहान गट उभा राहिला. क्रेनचालक आन्ना वालेन्तिनोविच आणि वीजतंत्री लेक वालेसा ही त्यातीलच माणसे होती.

सेन्सॉरची वही

मुद्रणस्वातंत्र्य ही मध्यमवर्गाची चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी एका वहीचा विचार करावा. क्राकोव्हच्या सेन्सॉर कार्यालयातील तोमाश स्त्शिझेव्स्की हा तरुण कर्मचारी १९७७ मध्ये गुप्त आदेशांची शेकडो पाने अंगावर बांधून बोटीने स्वीडनला गेला. ती पाने लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. कोणत्या लेखकांची नावे घ्यायची नाहीत, कातिनच्या हत्याकांडाविषयी काय लिहायचे नाही, हे त्यांत होतेच. पण त्याखेरीज उद्योगांतील रसायनांमुळे जिवाला व आरोग्याला होणाऱ्या धोक्यांची माहिती, मद्यपानाच्या वाढीचे आकडे, इतकेच काय, देशात वर्षाला किती कॉफी प्यायली जाते याचा आकडाही छापण्यास मनाई होती.

या यादीने कोणाचे नुकसान होत होते? लेखकाला परदेशी प्रकाशक मिळू शकतो, प्राध्यापकाला दुसऱ्या देशात जागा मिळू शकते. पण आपण ज्या यंत्रापाशी उभे आहोत त्यातून निघणारा वायू विषारी आहे, हे ज्याला कधी कळूच दिले जात नाही, तो कामगार कोठे जाणार? सेन्सॉरची कात्री लेखकाच्या वाक्यावर चालताना दिसते. तिचा घाव मात्र कामगाराच्या फुप्फुसावर पडतो. भाकरी आणि स्वातंत्र्य यांची फारकत करणारा युक्तिवाद येथे कोसळून पडतो.

तिसरी मागणी

ऑगस्ट १९८० मध्ये वालेन्तिनोविच यांना निवृत्तीला काही महिने उरले असताना कामावरून काढण्यात आले. १४ ऑगस्टला ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत संप सुरू झाला. या वेळी कामगार रस्त्यावर आले नाहीत, काही जाळले नाही. त्यांनी गोदीची फाटके बंद केली, आत दारूबंदी लागू केली, कारखान्याकारखान्यांतून प्रतिनिधी बोलावून समिती स्थापली. दहा वर्षांपूर्वी त्याच शहरात काय घडले होते हे आठवले म्हणजे मधल्या काळातील शिक्षणाचे मोल कळते.

दोन प्लायवूडच्या फळ्यांवर एकवीस मागण्या लिहून त्या फाटकावर टांगल्या गेल्या. पहिली मागणी स्वतंत्र कामगार संघटनेची, दुसरी संपाच्या हक्काची. तिसरी मागणी होती भाषण, मुद्रण व प्रकाशन यांच्या स्वातंत्र्याची आणि स्वतंत्र प्रकाशनांवरील दडपशाही थांबवण्याची. चौथीत १९७० व १९७६ च्या संपांमुळे काढलेल्या कामगारांना परत घेण्याबरोबरच मतांसाठी विद्यापीठांतून काढलेल्या विद्यार्थ्यांना परत घेण्याची मागणी होती. मांसाचा पुरवठा, वेतनवाढ, पाळणाघरे या मागण्या त्यानंतर येतात. महागाईने पेटलेल्या संपात गोदी कामगारांनी मुद्रणस्वातंत्र्याला भाकरीच्या वरची जागा दिली, कारण भाकरीविषयीचे सत्य छापता आल्यावाचून ती टिकत नाही हे ते तीन वेळा रक्त देऊन शिकले होते: १९५६ मध्ये पॉझनानला, १९७० मध्ये किनाऱ्यावर आणि १९७६ मध्ये रादोमला. सहा वर्षांनी नव्हे तर बारा वर्षांनी का होईना, १९६८ च्या विद्यार्थ्यांची बाजू कामगारांनी घेतली.

वाटाघाटींसाठी माझोव्येत्स्की, गेरेमेक, कोवालिक हे विचारवंत सल्लागार म्हणून गोदीत आले. त्यांतील काही उडत्या विद्यापीठाचे अध्यापक होते. ३१ ऑगस्टला करार झाला. ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना काही महिन्यांत सुमारे एक कोटी सभासदांची झाली. जुलै १९८१ मध्ये नवा सेन्सॉर कायदा झाला. त्याने सेन्सॉरशिप संपवली नाही, पण मजकूर कापला आहे हे कंसातील रेघांनी दाखवण्याचा हक्क आणि न्यायालयात दाद मागण्याची सोय दिली. कापलेली जागा वाचकाला दिसू लागली, हेही थोडे नव्हते.

१३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. दूरध्वनी तोडले गेले, हजारोंना स्थानबद्ध केले गेले, वुयेक खाणीत नऊ कामगार गोळीबारात मारले गेले. पण आता छापण्याची विद्या देशभर पसरलेली होती. फेब्रुवारी १९८२ पासून ‘तिगोद्निक माझोव्शे’ हे भूमिगत साप्ताहिक निघू लागले आणि १९८९ पर्यंत नियमाने निघत राहिले. ते चालवणाऱ्यांत हेलेना वुचिव्हो आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांचा वाटा मोठा होता. पोलीस पुरुष नेत्यांच्या मागावर होते. संपादन घरांतील स्वयंपाकघरांत चालू होते. नोव्हा हुता या पोलाद कारखान्याच्या वसाहतीजवळ १९८३ मध्ये एका चर्चच्या आवारात कामगारांसाठी विद्यापीठ सुरू झाले. शंभर वर्षांपूर्वी वॉर्सातील मुलींनी जे सुरू केले ते पोलाद कामगारांपर्यंत पोचले होते.

१९८९ मध्ये सरकार वाटाघाटीस आले, जूनमध्ये निवडणुका झाल्या, आणि एप्रिल १९९० मध्ये उंदीर गल्लीतील कार्यालय बंद करण्याचा कायदा संमत झाला.

विजयानंतरचा हिशेब

ही कथा येथेच थांबवली तर ती प्रचाराची होईल. १९९० च्या आर्थिक कार्यक्रमाने बाजाराला मोकळे रान दिले. १९९१ च्या अखेरीस वीस लाखांहून अधिक लोक बेकार होते. ज्या गोदीच्या फाटकावर एकवीस मागण्या टांगल्या गेल्या ती १९९६ मध्ये दिवाळखोर ठरली. कुरोन कामगारमंत्री झाले. त्यांच्या काळात गरिबांना वाटलेल्या सूपला आणि बेकारभत्त्याला लोकांनी त्यांचेच नाव दिले. रादोमची वाट तुडवलेल्या पिढीतील अनेक जण मंत्री, संपादक, खासदार झाले. कामगारांना मात्र आपण पुन्हा एकटे पडलो असे वाटले, आणि ती भावना खोटी नव्हती. आता वृत्तपत्रे मुक्त होती, पण बंद पडणाऱ्या कारखान्याच्या फाटकापाशी अंक घेऊन उभे राहणारे फारसे कोणी उरले नव्हते. स्वातंत्र्य मिळाल्याने लेखणी आणि हातोडा यांच्यातील पूल आपोआप टिकत नाही, हा या इतिहासाचा कटू धडा आहे. मुक्ती मिळवून देणाऱ्यांविषयी निर्माण झालेल्या या निराशेचा फायदा पुढे संकुचित राष्ट्रवादाने घेतला.

समाजवादी कार्यकर्त्याने या इतिहासातून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की, शिक्षण आणि अभिव्यक्ती यांचे रक्षण ठरावांनी होत नाही. ते वर्ग चालवून आणि पत्र छापून होते. श्चाविन्स्काने निवेदन काढले नाही, वेळापत्रक काढले. दुसरी ही की, कामगाराला शिकवण्याचा अधिकार त्याच्या अडचणीत उभे राहिल्यानेच मिळतो. कामगार संरक्षण समिती व्याख्यानांनी सुरू झाली नाही. ती न्यायालयाच्या आवारात, वकिलाच्या शुल्कापासून आणि घरभाड्यापासून सुरू झाली आणि मग व्याख्यानांपर्यंत पोचली. तिसरी ही की, आपल्या बाजूचे सरकार असले म्हणून सेन्सॉर सौम्य होत नाही. समाजवादाच्या ध्येयावर ज्याची निष्ठा आहे त्याने त्या ध्येयाच्या नावाने घातलेली प्रत्येक बंदी अधिक कठोरपणे तपासली पाहिजे.

महाराष्ट्रातील चळवळीला अभ्यासवर्ग नवे नाहीत. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती समाजाच्या परवानगीची वाट न पाहताच. त्या परंपरेचा अभिमान सभांतून पुष्कळ व्यक्त होतो. त्या मानाने गावोगावच्या शाखांत आठवड्याचा वर्ग किती ठिकाणी नियमाने भरतो, कारखान्यातील अपघाताची बातमी पक्षाच्या पत्राकडे पहिल्यांदा किती वेळा येते, तरुण प्राध्यापक आणि कंत्राटी कामगार एका खोलीत शेवटचे कधी बसले होते, हे प्रत्येक शाखेने आपापल्या वहीत पाहावे. दडपशाही आल्यावर पूल बांधायला घेतले तर फार उशीर होतो. पोलंडला त्यासाठी १९६८ आणि १९७० असे दोन पराभव सोसावे लागले. पुढील आठवड्याचा वर्ग कोणत्या वस्तीत, कोणाच्या घरी आणि कोणत्या विषयावर भरणार, हे आज उठण्यापूर्वी ठरले तर या व्याख्यानाचा हेतू सफल होईल.